उठ बाळा, २९९९ साल उजाडलं!



सुट्टी लागली की घरोघरी एक संवाद हमखास ऐकू येतो. "अरे ऊठ, बारा वाजले! दुपार झाली!" आणि पांघरुणातून उत्तर येतं, "पाच मिनिटं गं आई." आजचा विषय या 'पाच मिनिटां'चा आहे. पाच मिनिटं म्हणून डोळे मिटले आणि उघडले तेव्हा पाच वर्षं, पन्नास वर्षं किंवा चक्क हजार वर्षं उलटून गेलेली असली तर? अशा कल्पनेवरच्या कुमारवयीन मुलांच्या गोष्टींचं एक वेगळं फडताळच आहे. त्यात बहुतेक वेळा झोपेचं कारण एकच असतं: क्रायोनिक्स. म्हणजे मेलेल्या माणसाला भयंकर थंडीत जपून ठेवायचं आणि पुढे कधीतरी विज्ञान पुरेसं हुशार झालं की त्याला उठवायचं. विषय ऐकायला स्मशानातला वाटतो, पण यातल्या कितीतरी गोष्टी पोट धरून हसवणाऱ्या आहेत.

तसं बघायला गेलं तर आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी आहे. रेवती आठवते का? बलरामाची बायको. राजा ककुद्मीला लेकीसाठी योग्य स्थळ सापडेना, म्हणून तो तिला घेऊन थेट ब्रह्मदेवाकडे गेला. तिथे गंधर्वांचं गाणं चाललं होतं, म्हणून बापलेक जरा थांबले. गाणं संपल्यावर राजाने मनात असलेल्या मुलांची यादी पुढे केली, तर ब्रह्मदेव हसायलाच लागला. तेवढ्या वेळात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं होऊन गेली होती! यादीतले नवरदेव सोडाच, त्यांच्या नातवंडा-पतवंडांची नावंही कोणाला ठाऊक नव्हती. परत आल्यावर बघतात तो माणसं बुटकी झालेली. विष्णुपुराणात तर बलरामाने या ताडमाड उंच नवरीला नांगराच्या टोकाने खाली ओढून आपल्या मापाची केली असं सांगितलंय. मला या कथेत नेहमी एक प्रश्न पडतो. आपल्या सगळ्या मैत्रिणी एका गाण्याच्या वेळात काळाआड गेल्या हे कळल्यावर रेवती काय म्हणाली? पुराणात तिला त्यावर एकही वाक्य दिलेलं नाही. आजच्या कुमार कादंबऱ्या नेमकं तेच वाक्य शोधतात.

आधी क्रायोनिक्स आलं कुठून ते सांगते, कारण ती हकिगतच एखाद्या गोष्टीसारखी आहे. १९३१ साली 'अमेझिंग स्टोरीज' नावाच्या अमेरिकी मासिकात नील जोन्स यांची 'द जेमसन सॅटेलाइट' ही कथा छापून आली. एक प्राध्यापक मेल्यावर आपलं शरीर अवकाशात फिरतं ठेवायची सोय करून जातो. चार कोटी वर्षांनी तिथून यंत्रमानवांची टोळी जाते, त्यांना हे शरीर सापडतं आणि ते त्याचा मेंदू काढून धातूच्या देहात बसवतात. झालं, प्राध्यापक जागे! ही कथा रॉबर्ट एटिंजर नावाच्या एका बारा वर्षांच्या मुलाने वाचली आणि ती त्याच्या डोक्यात जाऊन बसली ती बसलीच. मोठेपणी तो भौतिकशास्त्राचा शिक्षक झाला. माणसाला मेल्यावर लगेच गोठवून ठेवावं, पुढच्या पिढ्या बघून घेतील, अशी मांडणी करणारं 'द प्रॉस्पेक्ट ऑफ इम्मॉर्टॅलिटी' हे पुस्तक त्याने लिहिलं. १९६४ साली मोठ्या प्रकाशकाने ते बाजारात आणलं. त्यानंतर तीन वर्षांत, १२ जानेवारी १९६७ रोजी, जेम्स बेडफर्ड हे मानसशास्त्राचे प्राध्यापक गोठवले गेलेले पहिले गृहस्थ ठरले. ते अजूनही ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेल गावी 'अल्कोर' या संस्थेच्या टाकीत आहेत.

म्हणजे गोष्टीवरून क्रायोनिक्स निघालं, क्रायोनिक्सवरून गोष्टी निघाल्या नाहीत! "गोष्टीची पुस्तकं वाचून काय होणार आहे?" असं विचारणाऱ्या काकांना हे जरूर सांगा.

एटिंजर स्वतः २०११ साली वारले आणि मिशिगनमध्ये त्यांनीच स्थापन केलेल्या 'क्रायोनिक्स इन्स्टिट्यूट'मध्ये गोठवले गेले. त्यांच्या आधी तिथे कोण पोचलं होतं? त्यांच्या मातोश्री, पहिली बायको आणि दुसरी बायको. उद्या चुकून सगळे एकदम जागे झाले तर त्या घरात पहिला चहा कोण कोणासाठी टाकणार, यावर एक झकास विनोदी कादंबरी होऊ शकते. कोणीतरी लिहा रे.

आता हे करतात कसं ते थोडक्यात. टोमॅटो फ्रीजरमध्ये ठेवून बघा. बाहेर काढल्यावर त्याचा नुसता लगदा होतो, कारण आतल्या पाण्याचे टोकदार स्फटिक बनतात आणि पेशी फुटतात. माणसाचंही तेच होईल. म्हणून डॉक्टरांनी मृत्यू जाहीर केला की ही मंडळी शरीर थंड करायला घेतात आणि रक्ताच्या जागी गोठण-रोधक द्रव भरतात. मग शरीर बर्फासारखं न गोठता काचेसारखं घट्ट होतं. त्यानंतर उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवणी. अल्कोरमध्ये माणसाला डोकं खाली, पाय वर असं ठेवतात. टाकीतला नायट्रोजन कमी व्हायला लागला तर आधी पाय उघडे पडावेत, मेंदू शेवटपर्यंत थंड राहावा, हा हिशोब. तिथे या लोकांना मृत म्हणत नाहीत, 'पेशंट' म्हणतात. बरीच वर्षं पूर्ण शरीराचा दर होता दोन लाख डॉलर आणि नुसत्या डोक्याचा ऐंशी हजार. हो, नुसतं डोकं! पुढच्या काळात नवं धड मिळेलच, मग जुनं कशाला सांभाळायचं, हा त्यामागचा व्यवहार. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

या गोठण्याची सगळ्यात गमतीदार गोष्ट माझ्या मते 'फ्युचरामा' या कार्टून मालिकेची. १९९९ साली ती अमेरिकेत सुरू झाली. फ्राय नावाचा पिझ्झा पोचवणारा आळशी पोरगा ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री चुकून गोठवण्याच्या नळकांड्यात पडतो आणि हजार वर्षांनी उठतो. त्यातल्या एका भागात त्याला आपलं जुनं बँक खातं आठवतं. शिल्लक किती, तर ९३ सेंट. व्याज वर्षाला सव्वा दोन टक्के. हजार वर्षांत त्याचे होतात चार अब्ज तीस कोटी डॉलर! मालिकावाल्यांनी आकडा उगाच फेकलेला नाही. चक्रवाढ व्याजाचं सूत्र घेऊन कॅल्क्युलेटरवर करून बघा, बरोबर येतो. आठवीतल्या मुलाला चक्रवाढ व्याज समजावण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

आपल्याकडे असं घडलं तर मात्र फ्रायची पंचाईत होईल. दहा वर्षं खात्यात हालचाल नसली की ते पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जातात. मागितले तर परत मिळतात म्हणा, पण काउंटरवरच्या बाई आधी केवायसी मागणार. जन्मसाल १९७४, आजची तारीख २९९९. शिवाय क्रायोनिक्सची खरी अडचण वेगळीच आहे. तिथे कायद्याने तुम्ही मेलेले असता. म्हणजे तुम्ही टाकीत शिरायच्या आतच नॉमिनीने खातं रिकामं केलेलं असतं.

याच मालिकेत 'ज्युरासिक बार्क' नावाचा २००२ सालचा एक भाग आहे. फ्रायला एका संग्रहालयात त्याच्या कुत्र्याचा, सेमोरचा, दगड झालेला देह सापडतो. त्याच्यापासून कुत्रा पुन्हा जिवंत करता येणार असतो. पण कुत्रा म्हातारा होऊन मेला, म्हणजे माझ्यानंतर बारा वर्षं जगला, म्हणजे मला विसरून दुसरीकडे सुखात राहिला असणार, असं म्हणून फ्राय तो बेत सोडून देतो. शेवटच्या मिनिटभरात आपल्याला दिसतं की सेमोर ती सगळी बारा वर्षं पिझ्झाच्या दुकानाबाहेर त्याची वाट बघत बसला होता. विनोदी कार्टून म्हणून बघायला बसलेल्या माणसाची अशी फजिती दुसरं कोणी केलेली नाही.

लहान वयाच्या वाचकांसाठी ॲली स्पार्क्स या इंग्रज लेखिकेचं 'फ्रोझन इन टाइम' आहे. २०१० साली त्याला 'ब्लू पीटर बुक ऑफ द इयर' हा मान मिळाला. इंग्लंडमधला पावसाळी उन्हाळा, कंटाळलेले बहीण-भाऊ, आणि बागेच्या टोकाला जमिनीखाली सापडलेलं एक तळघर. त्यात १९५६ साली गोठवलेली दोन मुलं, फ्रेडी आणि पॉली! इथे गोठलेली मुलं कुठल्या चकचकीत भविष्यात जात नाहीत, ती आपल्या काळात येतात. त्यांच्यासाठी भविष्य म्हणजे आपण. आपली बोलायची पद्धत, आपलं खाणं, आपले कपडे, सगळं त्यांना विचित्र वाटतं आणि वाचताना आपल्यालाही आपणच विचित्र दिसायला लागतो. पुढे हेरगिरी, पाठलाग वगैरे मसाला आहे, तो ठीकच. मला पहिला निम्मा भागच जास्त आवडला. दहा ते तेरा वर्षांच्या मुलांना हे पुस्तक खुशाल द्या. आजी-आजोबा घरात असतील तर आणखी मजा, कारण १९५६ मधलं घर कसं होतं हे सांगायला हक्काचा माणूस हजर आहे.

आता या फडताळातलं माझं सगळ्यात आवडतं पुस्तक. जॉन कोरी व्हेली यांचं 'नॉगिन', २०१४ सालचं. अमेरिकेत त्या वर्षीच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या कुमार विभागात ते अंतिम पाचांत होतं. नॉगिन हा डोक्यासाठीचा बोली शब्द. मराठीत नाव द्यायचं झालं तर 'टाळकं'!

ट्रॅव्हिस कोट्स सोळा वर्षांचा आहे. त्याला रक्ताचा कर्करोग झालाय, उपाय संपलेत. एक डॉक्टर प्रस्ताव घेऊन येतात: तुझं शरीर काही वाचत नाही, पण डोकं चांगलं आहे, ते काढून गोठवून ठेवू, पुढे कधीतरी एखाद्या धडावर बसवू. ट्रॅव्हिसला वाटतं, हे काही आपल्या जन्मात होणार नाही, पण आई-बाबांना तेवढीच आशा. तो सगळ्यांचा निरोप घेतो आणि डोळे मिटतो. डोळे उघडतो तेव्हा हजार वर्षं झालेली नसतात, शंभरही नाहीत. फक्त पाच! आणि त्याचं डोकं बसवलेलं असतं जेरेमी प्रॅट नावाच्या दुसऱ्या मुलाच्या धडावर. जेरेमी मेंदूतल्या गाठीने गेला, त्याचं शरीर मात्र ठणठणीत होतं. ट्रॅव्हिसच्या जुन्या शरीरापेक्षा उंच आणि पिळदार. आंघोळीला गेल्यावर आरशात खालचा माणूस वेगळाच दिसतो!

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो आधार कार्डाचा. डोळे ट्रॅव्हिसचे, बोटं जेरेमीची. आधार केंद्रातल्या त्या बिचाऱ्या ऑपरेटरने करायचं काय?

पण लेखकाची खरी कमाल त्या 'पाच' या आकड्यात आहे. हजार वर्षांनी उठलेल्या माणसाचं सगळं संपलेलं असतं, त्यामुळे तो मोकळा असतो. रडून घ्यायचं आणि उडत्या गाड्यांकडे बघत बसायचं. पाच वर्षांनी उठलेल्या मुलाचं काहीच संपलेलं नसतं. घर तेच, गाव तेच, माणसं तीच. फक्त ती सगळी एकवीस वर्षांची झालेली असतात आणि हा अजून सोळाचा. त्याच्या दृष्टीने तो काल दुपारी झोपला आणि आज उठला. केट ही त्याची मैत्रीण काल त्याचा हात धरून रडत होती, आज तिचा दुसऱ्याशी साखरपुडा झालेला आहे. जिवलग मित्र काइल कॉलेजात जातो. त्याने ट्रॅव्हिसच्या शेवटच्या दिवसांत त्याला मनातलं एक मोठं गुपित सांगितलं होतं: आपल्याला मुली नाही, मुलगे आवडतात. हे तेव्हा दुसऱ्या कोणाला सांगायची त्याची हिंमत नव्हती. मरणाऱ्या मित्राला सांगितलं की ते त्याच्याबरोबर जाणार, अशी त्याची समजूत. आणि आता तो मित्र परत आलाय, गुपितासकट!

शाळेत ट्रॅव्हिसला आपल्या जुन्या वर्गात जाता येत नाही, कारण तो वर्गच पास होऊन निघून गेलाय. नव्या पोरांमध्ये बसावं लागतं. तिथे हॅटन नावाचा एक अवली भेटतो. सगळे ट्रॅव्हिसकडे टकमक बघत कुजबुजत असताना हा थेट त्याच्या मानेवरून विनोद करतो, आणि त्यामुळेच त्यांची मैत्री होते. हॅटनच्या प्रवेशांत मी मोठ्याने हसले आहे.

आई-बाबांचं वागणं तर जपून वाचावं असं आहे. लेक परत मिळाल्याने ते दोघं जरा जास्तच आनंदी असतात. जेवणाच्या टेबलावर सगळं कसं छान, सगळं कसं पूर्वीसारखं. हळूहळू कळतं की त्या पाच वर्षांत त्यांचा घटस्फोट झालाय आणि मुलाला धक्का बसू नये म्हणून दोघं एकत्र राहण्याचं नाटक करतायत. लेखक त्यांना वाईट ठरवत नाही. लेक गेला, घर मोडलं. आता लेक परत आला, पण मोडलेलं घर काही परत येत नाही. पालकांनी हे पुस्तक मुलांच्या आधी वाचायचं असेल तर याच भागासाठी वाचावं.

माझी एक तक्रार आहे. ट्रॅव्हिस केटच्या इतका मागे लागतो की मधली पन्नासेक पानं त्याला हलवून सांगावंसं वाटतं, "अरे, ती नाही म्हणतेय ना!" लेखकालाही त्याची जाणीव आहे, कारण पुस्तकातली इतर माणसं त्याला तेच सांगतात. पण सोळा वर्षांच्या मुलाला सांगून ऐकू येत नाही आणि ट्रॅव्हिसला तर अजिबात येत नाही. त्याचा हिशोब सरळ आहे: मी तर कालच गेलो होतो, तू एका दिवसात कशी बदललीस? केटचा हिशोबही तितकाच खरा आहे: मी पाच वर्षं तुझ्यासाठी रडले, आणि मग मोठ्या कष्टाने थांबले.

'कॅप्टन अमेरिका' आपल्या घरातल्या सगळ्या पोरांना पाठ असतो. तोही बर्फात जवळजवळ सत्तर वर्षं पडून राहतो आणि उठल्यावर म्हणतो की मला कोणाला तरी भेटायला जायचं होतं. सिनेमात ते एक वाक्य येतं आणि पुढे मारामारी सुरू होते. 'नॉगिन' म्हणजे त्या एका वाक्याची अख्खी कादंबरी.

इथपर्यंत सगळं कल्पनेतलं. पण २०१६ साली इंग्लंडमध्ये खरोखर एक चौदा वर्षांची मुलगी होती. तिचं नाव न्यायालयाने गुप्त ठेवलं, निकालपत्रात नुसती दोन अक्षरं आहेत. तिला दुर्मीळ कर्करोग झाला होता आणि आपण वाचणार नाही हे तिला माहीत होतं. तिने इंटरनेटवर क्रायोनिक्सबद्दल सगळं वाचून काढलं आणि आपल्यालाही गोठवावं असं ठरवलं. आईची तयारी होती. वडील वेगळे झालेले, बरीच वर्षं भेट नव्हती, आणि त्यांचा सुरुवातीला विरोध होता. चौदा वर्षांच्या मुलीला कायदेशीर मृत्युपत्र करता येत नाही, म्हणून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तिने न्यायाधीशांना पत्र लिहिलं. मला मरायचं नाही, पण मरणार हे कळतं, मला पुरून टाकू नका, शंभर-दोनशे वर्षांनी का होईना पण बरं होऊन उठायची एक संधी द्या, असा त्याचा आशय होता. न्यायमूर्ती पीटर जॅक्सन तिला इस्पितळात जाऊन भेटले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी निर्णय दिला की तिच्या मृत्यूनंतर काय करायचं ते आई ठरवेल. क्रायोनिक्स खरं की खोटं यावर आपण काहीच म्हणत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केलं. निकाल कळल्यावर मुलीला समाधान वाटलं. त्याच महिन्यात ती गेली. तिचं शरीर अमेरिकेला नेऊन गोठवण्यात आलं. खर्च सदतीस हजार पौंड, आणि तो आजी-आजोबांच्या बाजूने उभा राहिला.

वडिलांचा विरोध कशासाठी होता ते वाचून मी थबकले. त्यांनी विचारलं होतं की समजा दोनशे वर्षांनी ती खरंच उठली, तर तिथे तिचं कोण असेल? एकही नातेवाईक नाही, काही आठवत असेल-नसेल, आणि वय फक्त चौदा, तेही परक्या देशात. 'नॉगिन' छापून येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या बापाने ते वाचलेलं असण्याचं काही कारण नाही, पण प्रश्न तोच विचारला. नंतर त्यांनीही विरोध सोडला. मुलीने आपल्याकडे मागितलेली ही पहिली आणि शेवटची गोष्ट आहे, असं काहीसं त्यांचं म्हणणं होतं.

याला आणखी एक बाजू आहे. इस्पितळाने नंतर न्यायाधीशांना कळवलं की शेवटच्या दिवशी आई पुढच्या तयारीत इतकी गुंतली होती की तिला लेकीजवळ पूर्णपणे थांबता आलं नाही. गोठवायला आलेले स्वयंसेवकही नीट तयारीचे नव्हते. त्या आईला दोष देणारी मी कोण? पण क्रायोनिक्सची किंमत डॉलरमध्ये सांगतात तेव्हा ही किंमत त्या दरपत्रकात नसते, एवढं मला वाटतं. आणि सगळ्याच संस्था टिकतात असंही नाही. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या चॅट्सवर्थ इथे एका दफनभूमीच्या तळघरात ठेवलेली माणसं पैसे संपल्यामुळे वितळून गेली. त्यांचे नातेवाईक बिचारे ती सुरक्षित आहेत असंच समजत होते.

"पण ताई, हे खरंच कधी होईल का?" असं कोणी कुमार वाचक विचारेलच. आजवर गोठवलेला एकही माणूस उठलेला नाही, हे पहिलं उत्तर. लहान लहान गोष्टी मात्र जमतात. अलास्कातला वुड फ्रॉग नावाचा बेडूक हिवाळ्यात खरोखर गोठतो, त्याचं हृदय थांबतं, आणि वसंतात तो टुणकन उडी मारून निघून जातो. त्याचं शरीर पेशींमध्ये साखर भरून घेतं, तीच त्याला वाचवते. २०२३ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांची मूत्रपिंडं शंभर दिवसांपर्यंत काचेसारखी गोठवून ठेवली, लोहाचे अतिसूक्ष्म कण वापरून आतून-बाहेरून एकसारखी तापवली आणि पुन्हा उंदरांमध्ये बसवली. ती चालली! हे पुढे माणसाच्या अवयवांपर्यंत गेलं तर प्रत्यारोपणाची वाट बघणाऱ्या कितीतरी लोकांचं भलं होईल. आणि गर्भ गोठवून ठेवण्यात तर आपला देश फार पुढे होता. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात जन्मलेली 'दुर्गा' ही भारताची पहिली टेस्ट ट्यूब बेबी. डॉ. सुभाष मुखर्जी यांनी तिचा गर्भ काही आठवडे गोठवून ठेवून मग आईच्या पोटात सोडला होता. त्यांच्यावर तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही. त्यांची परवड 'एक डॉक्टर की मौत' या सिनेमात आलेली आहे. पण मूत्रपिंड वेगळं आणि मेंदू वेगळा. केटचा चेहरा मेंदूत कुठे साठवलेला असतो आणि तो गोठून-वितळून तसाच राहील का, याचं उत्तर कोणाकडेच नाही.

ही पुस्तकं वाचून झाली की घरात एक खेळ खेळून बघा. तुम्ही २००५ साली सोळा वर्षांचे होतात आणि आज उठलात असं समजा. खिशात हजाराची नोट, जी दुकानदार घेत नाही. ऑर्कुटवर शोधायला जाता तर ऑर्कुटच नाही. आजीचा लँडलाइन नंबर तोंडपाठ आहे, तो लागत नाही. अलाहाबादच्या मावशीकडे जायला स्टेशनवर गेलात तर पाटीवर प्रयागराज. हैदराबादचा काका सांगतो की आपण आता तेलंगणात राहतो. भूगोलाच्या पेपरात नऊ ग्रह लिहिलेत तर एक मार्क गेला, कारण प्लूटोला मधेच वगळलंय. हे सगळं दोन दिवसांत शिकता येईल. मग मुलांना दुसरा प्रश्न विचारा: आपल्यापैकी कोणासाठी तू पहिला फोन करशील, आणि त्याला काय सांगशील? इथे पोरं एकदम गप्प होतात. आई-बाबाही.

वाचायचा क्रम विचाराल तर आधी 'फ्रोझन इन टाइम', मग 'नॉगिन'. दोन्ही इंग्रजीत आहेत, पण भाषा सोपी आहे. दहावीत इंग्रजीची भीती वाटणाऱ्यालाही झेपतील. 'नॉगिन'मधली पोरं अमेरिकेतल्या पोरांसारखी बोलतात, शिव्याही देतात, त्यामुळे पंधरापुढच्यांना द्या. केट आणि ट्रॅव्हिसचं शेवटी काय होतं ते मी सांगणार नाही. वाचून झालं की मला कळवा, कारण शेवटाबद्दल माझं आणि माझ्या मैत्रिणीचं अजून भांडण चालू आहे. आणि 'फ्युचरामा'चा तो कुत्र्याचा भाग बघणार असाल तर रविवारी रात्री बघू नका. सोमवारी शाळेत डोळे सुजलेले दिसतात.